परसातील शिक्रा

संगमनेरच्या आमच्या घरापुढे बाजारपेठेचा गजबजाट आहे, तर मागे दोन कडुलिंबांचे शांत परस. तेथे सासूबाई रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकतात आणि मातीच्या परळात गाळलेले पाणी ठेवतात. यंदा चैत्रात उंच लिंबाच्या बेचक्यात शिक्र्याच्या जोडीने काटक्यांचे घरटे बांधले आणि त्या शांततेला तडा गेला.

शिक्रा आकाराने जेमतेम कबुतराएवढा. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. नराचे डोळे लाल. मादी त्याहून मोठी, पिवळसर डोळ्यांची. घारीप्रमाणे तो आभाळात घिरट्या घालीत बसत नाही. पानांआड निश्चल राहतो आणि सावज दिसताच झेपावतो. त्याची चाहूल डोळ्यांआधी कानांना लागे. खारी चिरकू लागत, सातभाई एकच गिल्ला करीत आणि क्षणात परस ओस पडे. कोतवाल त्याच्या हाकेची इतकी हुबेहूब नक्कल करी की आम्हीही कित्येकदा फसलो.

बहुतेक दिवस त्याचे सरड्यांवर भागे. एके सकाळी मात्र त्याने दाणे टिपणारा होला उचलला. ज्वारीवर चार पिसे तेवढी उरली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "दाणा टाकून आपणच त्याला जाळ्यात आणले," एवढेच म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी घरटे पाडण्याचा सल्ला दिला. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्षी-रुग्णालयात शाकाहारी पक्ष्यांनाच दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार करतात. पण परसात अशी वेगळी खोली कोठून आणावी? गड्याने बांबू आणलाही. तेवढ्यात माझी धाकटी म्हणाली, "आजी, मेघरथ राजाने कबुतर वाचवले, पण ससाण्याला उपाशी परत पाठवले नाही ना? तराजूत स्वतःचे मांस ठेवले."

सासूबाई बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग बांबू परत ठेवायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी उघड्यावर न टाकता बोगनवेलीच्या काटेरी जाळीखाली पडू लागली. होल्यांना एका उडीत आत शिरता येई. त्यानंतर तेथे पिसे दिसली नाहीत. अन्यत्र पडली असतील, ती आम्ही शोधली नाहीत.

ज्येष्ठात तीन पिल्ले घरट्याच्या कडेवर येऊन पंख फडफडवू लागली. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की सासूबाई माळ घेऊन ओट्यावर बसतात आणि हळूच विचारतात, "आज मिळाले का गं त्यांना?" काय मिळाले, हे मात्र कधी विचारीत नाहीत.