आई नाही म्हणाली

शनिवार दुपार. ठमी झोपलीय, म्हणजे माझ्या हातात साधारण चाळीस मिनिटं आहेत. हल्ली आमच्या घरातला वेळ घड्याळावर नाही, ठमीच्या झोपेवर मोजतात. (तिचं खरं नाव वेगळं आहे, चांगलं तीन अक्षरी, बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं. पण घरात ते कुणी वापरत नाही.) दोन महिने लिहीन लिहीन म्हणतोय, आज नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

तर झालं असं की जुलै संपत आला तशी बायकोची रजा संपत आली. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्याआधी १२ च आठवडे होते. म्हणजे आमचं नशीब तसं चांगलंच म्हणायचं. मला मिळाले होते पाच दिवस. केंद्र सरकारच्या नोकरीत असतो तर पंधरा मिळाले असते, पण खासगीत बापाची रजा हा कंपनीच्या मर्जीचा मामला. त्या पाचांतला दीड दिवस तर हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीसमोर उभं राहण्यात गेला. असो.

आता मी पडलो इंजिनिअर. प्रश्न आला की आधी एक्सेल उघडायचं. एका रविवारी बसून सगळं झकास मांडलं. डाव्या बाजूला तारखा, वर माणसं. बायको ऑफिसात कधी, माझे अमेरिकेबरोबरचे कॉल किती ते किती, दूध किती वाजता, झोप किती वाजता. आणि १६ ऑगस्टपासून पुढच्या सगळ्या चौकोनांत एकच शब्द ओढून खालपर्यंत नेला : आई. हिरव्या रंगात. म्हणजे तो भाग पक्का.

बायकोने स्क्रीनवर डोकावून विचारलं, "आईंना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?" मी म्हणालो. खरंच असंच म्हणालो. आणि वाईट याचं वाटतं की मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही.

उष्टावण कराडला आमच्या घरी करायचं ठरलं होतं. नाशिकहून ठमीचा मामा आला, त्याने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, ठमीने ती आधी चाटली, मग चेहरा असा केला की जसं काही तिला कुणी फसवलंय, आणि मग अंगठीच धरून ठेवली. फोटो झाले, जेवणं झाली, पाहुणे पांगले. संध्याकाळी आई स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मी शेजारी बसलो, दोन पाकळ्या सोलल्यासारखं केलं आणि सहज म्हणालो, "आई, तू चौदा-पंधरालाच ये, म्हणजे एक दिवस ठमीला सवय होईल."

आई म्हणाली, "मी नाही येणार."

मला वाटलं तारखेचं म्हणतेय. "मग सोळाला ये डायरेक्ट."

"तसं नाही रे. चार दिवस येईन, आठ दिवस येईन. ती आजारी पडली तर रात्री फोन कर, सकाळच्या पहिल्या गाडीने निघते. पण तिला सांभाळायला म्हणून पुण्यात राहायला नाही येणार."

हे बोलताना तिने लसूण सोलायचं थांबवलं नव्हतं. आवाजही चढा नव्हता. बहुतेक तिने हे वाक्य बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं असावं.

मी विचारलं, "का?" आणि त्यात जरा तक्रारच होती.

"तुमचं दोघांचं केलं. मग तुझ्या आजीचं केलं, सहा वर्षं. अजूनही पहाटे पाचला दचकून जागी होते मी, कुणी हाक मारली की काय म्हणून. मग कळतं, कुणीच नाही. मग परत झोपते." पाकळ्या वाटीत टाकत ती म्हणाली, "ती झोप मला आवडायला लागलीय."

यावर काय बोलणार? मी दुसराच फाटा फोडला. "पण तुला करमतं का इथे दिवसभर?"

आई हसली. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की मला तिच्या दिवसाबद्दल काहीही माहीत नाही. म्हणजे फोन रोज होतो. पण फोनवर आम्ही ठमीने किती दूध प्यायलं, ठमीला शी झाली का, ठमी पालथी पडली का, हे बोलतो. आईचा दिवस असा : सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाते, यशवंतरावांच्या समाधीपर्यंत आणि परत. बरोबर भिशीतल्या चौघी. मंगळवारी आणि शुक्रवारी पेटीचा क्लास. हो, पेटी! वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. भजनी मंडळात वाजवणारी बाई मुलाकडे अमेरिकेला गेली, तिच्या जागी कुणीतरी हवं होतं, तर आई म्हणाली मी शिकते. सहा महिने झाले होते आणि मला पत्ता नव्हता. क्लासच्या वहीत सा रे ग म काढलेले, त्याखाली रेघा मारलेल्या. मी लहान असताना माझ्या वह्यांत मारून द्यायची तशाच.

आणि एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. मी ती बातमी वाचून सोडून दिली होती. आईच्या मंडळाने सोडली नव्हती. औंधची यमाई झाली, गोंदवले झालं, नरसोबाची वाडी दोनदा झाली. सकाळी डबा घेऊन निघायचं, रात्री परत. बाबांना विचारून नाही, सांगून. "तुझ्या बाबांना पोळ्या करून ठेवते, भाजी ते गरम करतात," आई म्हणाली. बाबा भाजी गरम करतात ही बातमी मला पेटीपेक्षाही मोठी वाटली.

परतीच्या रस्त्यावर मी गप्प होतो. तासवडेचा टोल गेला, सातारा गेलं. मागच्या सीटवर ठमी आणि बायको दोघी झोपल्या होत्या. खरं सांगायचं तर मला राग आला होता. असे विचार येत होते की आता लिहितानाही लाज वाटते. मित्रांच्या आया येतात. अमक्याची आई तर बंगलोरला जाऊन दोन वर्षं राहिली. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात ना? मग हिला साय नको?

बोगदा ओलांडला आणि शिरवळला चहाला थांबलो. तिथे मी दुसरी चूक केली. म्हणालो, "मग तू अजून सहा महिने बिनपगारी रजा घेतेस का?"

बायको चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू घे की."

मी हसलो. ती हसली नाही.

"माझ्या आईला का नाही विचारलंस?" तिने विचारलं. माझ्या सासूबाई शाळेत शिक्षिका आहेत, निवृत्तीला अजून दोन वर्षं.

"त्यांची नोकरी आहे ना."

"हं. आणि बाबांना?"

"कुठले बाबा?"

"तुझे. ते तर रिटायर झालेत. पेन्शन आहे. पेटीचा क्लास नाही, भिशी नाही. सकाळी पेपर वाचतात, संध्याकाळी परत तोच पेपर वाचतात. तुझ्या त्या एक्सेलमध्ये त्यांचं नाव कुठेच नव्हतं."

नव्हतंच. सासूबाईंना पगार आहे म्हणून त्यांना विचारायचं नाही, बाबा पुरुष आहेत म्हणून त्यांना विचारायचं नाही, आणि आईला विचारायचीच गरज नाही. प्रोजेक्टमध्ये एखाद्याला न विचारता शंभर टक्के गृहीत धरलं तर मी स्वतः मॅनेजरशी भांडतो. खेड-शिवापूरपर्यंत कुणी काही बोललं नाही.

पुढचे पंधरा दिवस पाळणाघरं बघण्यात गेले. कायद्याने ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. बायकोच्या कंपनीने ती केली आहे, पण आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सहा महिन्यांच्या पोरीला घेऊन त्या ट्रॅफिकमधून जाऊन बघावं म्हणजे कळेल. एका ठिकाणी भिंतीवर सगळी कार्टून होती आणि पोरं टीव्हीसमोर. एका ठिकाणी फी ऐकून आम्ही नम्रपणे पाणी पिऊन परत आलो. शेवटी शेजारच्याच सोसायटीत तळमजल्यावर एक काकू सापडल्या. सहा पोरं, दोन मदतनीस बायका, ओटा स्वच्छ, आणि काकूंनी आम्हाला माहिती सांगायच्या आधी उलट वीस प्रश्न विचारले. कुणाची अ‍ॅलर्जी, कुणाचा फोन, कितीव्या महिन्याचं इंजेक्शन झालं. बायकोला तिथेच बरं वाटलं.

माझा दिवस मी बदलून मागितला. सकाळी ठमीला सोडायचं, संध्याकाळी सहा ते साडेसात कुठलाही कॉल नाही, त्याबदल्यात रात्री जास्त बसेन. मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला, "घरी आई नाहीये का?" भला माणूस आहे, वाईट हेतू नव्हता. मी म्हणालो, "आहे, पण तिचा क्लास असतो." तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी हो म्हणाला, पण एक महत्त्वाचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. ते मला लागलं. अजून लागतंय. बायको म्हणाली, "माझं तर बाळंतपणाला जायच्या आधीच काढलं होतं." हे तिने मला त्या वेळी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे.

आणि मग मी कराडला फोन केला, आणि आईला म्हणालो, बाबांना दे.

"बाबा, पाळणाघराचे पहिले दहा-बारा दिवस सुरुवातीला दोन-दोन तासच ठेवायचंय तिला. बाकीचा वेळ कुणीतरी लागेल घरी. तुम्ही याल का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "एकटा?"

"हो."

"मला काय येतंय त्यातलं?"

"मलाही येत नव्हतं."

बाबा आले. लालपरीने, पासष्टीपुढचं अर्धं तिकीट काढून, एका हातात पिशवी आणि खिशात आईने लिहून दिलेला कागद. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कागद असला की त्याला धीर येतो. त्यावर आईच्या अक्षरात : मान धरणे. पेज कोमट. ढेकर काढल्याशिवाय आडवी करू नये. रडली तर घाबरू नये. पहिल्या दिवशी त्यांनी ठमीला अशी धरली की जसं काही कुणी महत्त्वाची फाईल सहीला दिलीय आणि तिच्यावर चहा सांडता कामा नये. लंगोट बदलायला पहिल्यांदा सतरा मिनिटं लागली. मी मीटिंग म्यूट करून दारातून बघत होतो. मध्येच ते म्हणाले, "तुझं मी हे कधी केलं नाही," आणि परत कामाला लागले.

ठमी पाळणाघरात चौथ्या दिवसापर्यंत रडली, बायको आठव्या दिवसापर्यंत. फ्रीजमध्ये दुधाच्या बाटल्यांवर तारीख आणि वेळ लिहायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी दारावर चिकटवलं. खाली सहीसुद्धा केली होती, सवयीने.

सगळं सुरळीत झालंय असं काही नाही. ठमीला महिन्यात दोनदा सर्दी झाली, तेव्हा एकदा आई खरंच पहिल्या गाडीने आली, चार दिवस राहिली आणि शुक्रवार धरून परत गेली. मला मधूनमधून अजूनही वाटतं की ती राहिली असती तर... आणि मग लगेच ती वही आठवते.

बाबा होते तेव्हाच्या एका मंगळवारची गोष्ट सांगतो. मी कॉलवर होतो. पेज फार पातळ झाली होती की काय, बाबांना काही सुचेना. त्यांनी आईला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. उचलला नाही. मला वाटलं आता माझ्याकडे येणार, म्हणून मी हेडफोन काढायच्या तयारीत.

ते कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. मग ठमीला म्हणाले, "मंगळवार आहे गं. आजी क्लासला गेली. चल, आपणच बघू." आणि गॅस परत पेटवला.