आधी नोंद, मग रेषा

बोटीवरचा जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला साध्या अक्षरांतल्या काही ओळी बाहेर टाकत असतो. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी, स्वल्पविरामांनी तोडलेली आणि शेवटी तारांकनानंतर दोन अक्षरी चेकसम असलेली ही प्रत्येक ओळ म्हणजे एनएमईए ०१८३ या प्रमाणाच्या भाषेत एक वाक्य. वाक्य ८२ अक्षरांपलीकडे जायचं नाही आणि मूळ प्रमाणातला वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे फार तर ४८० अक्षरं. ही वाक्यं जशीच्या तशी साठवली की कच्चा लॉग तयार होतो. नकाशावर बोटीची रेषा पाहायची, तर त्या लॉगची जीपीएक्ससारखी ट्रॅक फाइल करावी लागते. हे काम हल्ली एखाद्या रास्पबेरी पायवर किंवा त्याहून लहान मायक्रोकंट्रोलरवर सोपवतात आणि बरेच जण ते एका दमात उरकतात: वाक्य आलं, त्यातून अक्षांश-रेखांश काढले, जीपीएक्समध्ये लिहिले, वाक्य टाकून दिलं. माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या तीन शब्दांना. कच्चा लॉग ही रोजकीर्द आहे आणि ट्रॅक ही खतावणी. खतावणी चुकली तर रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते. रोजकीर्दच फाडून टाकली असेल तर चूक झाली होती की नाही, हेही कळायला मार्ग राहत नाही.

रूपांतर म्हणजे नुसतं एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतणं, त्यात हरवण्यासारखं काय आहे, असं वाटू शकतं. पण प्रत्येक टप्प्यावर रूपांतर करणारा प्रोग्राम काही ना काही ठरवत असतो. सर्वांत साधी गोष्ट घेऊ. एनएमईए वाक्यात अक्षांश अंश आणि मिनिटं एकत्र जोडून येतो. ससून डॉकच्या परिसरातला बिंदू १८५४.७२ आणि ०७२४९.५६ असा दिसेल. याचा अर्थ १८ अंश ५४.७२ मिनिटं आणि ७२ अंश ४९.५६ मिनिटं. जीपीएक्सला हवे असतात दशांश अंश, म्हणून मिनिटांना ६० ने भागायचं: १८.९१२ आणि ७२.८२६. नवशिक्या प्रोग्राममध्ये नुसता दशांशबिंदू दोन घरं डावीकडे सरकवलेला असतो आणि उत्तर येतं १८.५४७२ आणि ७२.४९५६. ही चूक पन्नास किलोमीटरहून जास्त आहे, पण तिचा खरा धोका वेगळा आहे. तो बिंदू कुठल्या डोंगरावर पडत नाही. रेवदंड्याच्या पश्चिमेला भर समुद्रात पडतो. बोट पाण्यातच दिसते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. चूक उघडी पडते ती बोट वरळीच्या आसपास १९ अंशांची रेषा ओलांडते तेव्हा. मिनिटं ५९.९९ पर्यंत जाऊन शून्यावर येतात, त्यामुळे १८.५९९९ नंतर एकदम १९.० येतं आणि ट्रॅक एका सेकंदात सुमारे ४४ किलोमीटर उडी मारतो. अलिबाग ते मुरूड एवढ्याच टापूत फिरणाऱ्या बोटीला ही रेषा कधी लागतच नाही. तिच्या वर्षभराच्या फाइली सरकलेल्या राहतील आणि त्या तशा आहेत हे सांगणारं काही त्या फाइलींत नसेल.

तारखेचं प्रकरण याहून नाजूक. वाक्यांतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे तिथली मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. पहाटे चारला बंदर सोडणाऱ्या बोटीची तारीख फेरीच्या ऐन मध्यात बदलते. आरएमसी या वाक्यात वेळ आणि तारीख दोन्ही असतात. जीजीए या वाक्यात उंची, उपग्रहांची संख्या आणि अचूकतेचा निर्देशांक असतो, पण तारीख नसते. फक्त जीजीएवर चालणाऱ्या प्रोग्रामला तारीख बाहेरून आणावी लागते. जीपीएसबॅबल या प्रसिद्ध मुक्त प्रोग्राममध्ये ती हाताने पुरवायची सोय आहे, ती त्याचसाठी. अशी एकच तारीख सगळ्या ओळींना लावली की साडेपाचला वेळ चोवीस तास मागे जाते. मग काही जण तारीख छोट्या संगणकाच्या घड्याळातून घेतात. पण रास्पबेरी पायमध्ये पाचव्या पिढीपर्यंत स्वतःचं घड्याळच नव्हतं आणि पाचव्या पिढीतही त्याला बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेट नसलेल्या बोटीवर असा संगणक सुरू होतो तो गेल्या वेळी बंद पडला त्या क्षणाच्या आसपासची वेळ धरून. त्यावरून फाइलींना नावं दिली की फेऱ्यांचा क्रम बिघडलाच म्हणून समजा. रिसीव्हरची तारीख तरी कायम खरी असते का? जीपीएसचा मूळ आठवडा-क्रमांक १० बिटांचा आहे, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. जुना रिसीव्हर तेव्हा सुमारे १९ वर्षं ७ महिने मागची तारीख सांगू लागतो. ही चूक जीपीएक्समध्येही ७१६८ दिवस मिळवून सुधारता येते, हे मान्य. पण प्रोग्रामने ‘ही तारीख अशक्य आहे’ म्हणून काही बिंदू गाळले असतील, काहींना स्वतःच्या घड्याळाची वेळ चिकटवली असेल, तर कोणत्या बिंदूला किती मिळवायचं हे लॉगशिवाय कसं ठरवणार?

आणि जीपीएक्समध्ये मुळात जागाच नाही अशाही गोष्टी आहेत. रिसीव्हर डॉप्लरवरून थेट मोजलेला वेग आरएमसीत देतो आणि तो दोन बिंदूंमधल्या अंतरावरून काढलेल्या वेगापेक्षा सहसा चांगला असतो. जीपीएक्सच्या १.० आवृत्तीत वेग आणि दिशेसाठी घटक होते; २००४ च्या १.१ आवृत्तीत ते काढून टाकले. खोली मोजणारं यंत्र त्याच तारेवर असेल तर डीबीटी या वाक्यात एकच खोली फूट, मीटर आणि वाव अशा तिन्ही मापांत येते. जीपीएक्सच्या बिंदूला खोलीसाठी स्वतःचं घर नाही. कुणी ती उंचीच्या घरात उणे चिन्हाने कोंबतात, बाकीचे सोडून देतात. मासेमारीच्या दृष्टीने वेग आणि खोली हीच तर खरी माहिती. ट्रॉलर जाळं ओढत होता की नुसता जात होता, हे रेषेच्या आकारावरून नव्हे, तर वेगावरून कळतं. त्यात बिंदू कमी करायची पद्धत भर घालते. १९७३ पासून वापरात असलेली डग्लस-प्युकर पद्धत रेषेचा आकार राखून मधले बिंदू गाळते. पण ती पाहते फक्त आकार. बोट तीन नॉटने जाळं ओढत तासभर सरळ गेली आणि त्याच ओळीत पुढे आठ नॉटने निघाली, तर तिच्या हिशेबी ही एकच सरळ रेषा. दोन टोकं ठेवून मधलं सगळं पुसलं जातं आणि उरतो एक सरासरी वेग, ज्या वेगाने बोट कधी धावलीच नव्हती.

आता छोट्या संगणकाच्या बाजूने पाहू. लॉग ही ओळींची यादी आहे. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर पडतो, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी अर्धवट राहते ती शेवटची ओळ आणि तिच्या चेकसमवरून ते लगेच ओळखता येतं. शेवटचं काही सेकंदांचं लिखाण कार्डावर पोचलं नसेल तर तेवढंच जातं. जीपीएक्स मात्र एक्सएमएल आहे. शेवटचे बंद करणारे टॅग लिहायच्या आत वीज गेली की फाइल अपुरी राहते आणि काटेकोर प्रोग्राम ती उघडायलाच नकार देतात. यावर एक जुनी युक्ती आहे: प्रत्येक बिंदूबरोबर शेवटचे टॅगही लिहायचे आणि पुढच्या बिंदूच्या वेळी मागे येऊन त्यांवरच लिहायचं. चालते, पण त्यासाठी कार्डावर सतत मागेपुढे लिहीत राहावं लागतं. आर्डुइनो ऊनोसारख्या बोर्डावर तर हे थेट नोंदीच्या मुळावर येतं. त्याची सिरियल बफर ६४ अक्षरांची. ४८०० च्या वेगाने ती सुमारे १३३ मिलिसेकंदांत भरते. एसडी कार्डाला एका लिखाणासाठी २५० मिलिसेकंदांपर्यंत अडकून राहायची मुभा प्रमाणातच दिलेली आहे. म्हणजे कार्ड अडकलं असताना येणारी अक्षरं सांडणार. अशा यंत्रावर रूपांतराचं ओझं नोंदीच्या वाटेत टाकणं मला पटत नाही.

जागेचा आक्षेप नेहमी पुढे येतो. कच्चा लॉग फुगतो, म्हणून रूपांतर करून मोकळं व्हावं, असं म्हणतात. हिशेब करू. सेकंदाला ४८० अक्षरं पूर्ण दिवसभर येत राहिली तरी होतात साडेएकेचाळीस एमबी. १६ जीबीच्या कार्डात वर्षभराची नोंद मावते. इतर जहाजांचे संदेश पकडणारं एआयएस जोडलेलं असेल तर तारेचा वेग ३८,४०० होतो आणि कमाल मर्यादा दिवसाला ३३२ एमबीपर्यंत जाते. तेव्हा मात्र दाबून साठवावं लागेल किंवा इतर जहाजांची वाक्यं वेगळ्या फाइलीत वळवावी लागतील. पण आपल्या बोटीची नोंद टाकून द्यायला हे कारण पुरत नाही. आणि गंमत म्हणजे एक-एक सेकंदाचं जीपीएक्स काही लहान नसतं: टॅगांच्या गर्दीमुळे एका बिंदूला ऐंशीच्या आसपास अक्षरं लागतात, म्हणजे ज्या आरएमसी वाक्यातून तो बिंदू निघाला त्याच्यापेक्षा जास्तच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तांडेलाला बंदरात उतरताच ट्रॅक मोबाइलवर हवा असतो. लॉग घरी नेऊन मोठ्या संगणकावर बसायला त्याला वेळ नाही. खरं आहे, आणि म्हणूनच रूपांतर बोटीवरच व्हावं याला माझी ना नाही. फक्त ते नोंदीनंतर, वेगळं चालावं. पायवर एक प्रोग्राम सिरियल पोर्टवरून येईल ते लॉगमध्ये लिहीत राहील. दुसरा, कमी प्राधान्याचा, तोच लॉग वाचून ट्रॅक करील. त्याला सगळी फाइल मेमरीत घ्यायची गरज नाही. मागचा स्वीकारलेला बिंदू, चालू तारीख आणि ट्रॅकचा तुकडा उघडा आहे की नाही, एवढं लक्षात ठेवलं की एक-एक ओळ घेत काम भागतं. ऊनोच्या दोन केबी मेमरीतही ते बसतं. डग्लस-प्युकरला मात्र पुढचे बिंदू आधी माहीत असावे लागतात. त्याऐवजी मागच्या बिंदूच्या वेगावरून आणि दिशेवरून बोट आता कुठे असायला हवी ते काढायचं आणि फरक ठरलेल्या मीटरांपेक्षा वाढला की नवा बिंदू ठेवायचा. ही पद्धत वाहत्या ओळींवर चालते आणि वेग बदलला की आपोआप बिंदू ठेवते. गणित पूर्णांकांत करावं. ऊनोवर ‘डबल’ लिहिलं तरी संख्या ३२ बिटांचीच फ्लोट असते आणि ७२ अंशांच्या रेखांशावर तिची सर्वांत लहान पायरी सुमारे ८० सेंटिमीटर पडते. रेषेला हे चालतं, पण एक-एक सेकंदाच्या बिंदूंवरून वेग काढला तर दीड नॉटच्या पायऱ्या दिसू लागतात आणि तीन नॉटने ओढलेलं जाळं ओळखू येत नाही. अंशाचे एक कोटी भाग धरून केलेला पूर्णांक ३२ बिटांत १८० अंशांपर्यंत आरामात मावतो आणि त्याची पायरी सेंटिमीटरभराची असते.

मासळीच्या जागा उघड होतील, ही भीती रास्त आहे. पण ती लॉग ठेवण्याविरुद्ध जात नाही, वाटण्याविरुद्ध जाते. लॉग मालकाकडे राहावा आणि बाहेर द्यायचा तो विरळ केलेला ट्रॅक. किती विरळ, हे मागणाऱ्याप्रमाणे ठरवता येतं, कारण मूळ हाताशी आहे. हद्द ओलांडल्याच्या वादात कच्चा लॉग पुरावा ठरेल का, याबद्दल मी सावध आहे. चेकसम म्हणजे मोहोर नव्हे. तो अक्षरांचा साधा एक्स-ऑर असतो. दोन अंकांची अदलाबदल झाली तर त्याला पत्ताही लागत नाही, आणि ओळ बदलून नवा चेकसम लावणं कुणालाही जमतं. तरीही जीएसव्ही वाक्यांत प्रत्येक उपग्रह क्षितिजापासून किती वर आणि कोणत्या दिशेला दिसतोय, याची नोंद असते. ती त्या दिवसाच्या, त्या वेळेच्या आणि त्या जागेच्या आकाशाशी जुळवून पाहता येते. अशी शेकडो वाक्यं न चुकता बनावट रचणं हे दोन बिंदू सरकवण्याइतकं सोपं नाही. जीपीएक्समध्ये हा धागा नसतोच.

राहिला प्रश्न ट्रॅक फाइलीत काय लिहावं याचा. फाइल कोणत्या प्रोग्रामने केली हे जीपीएक्सच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये सांगणं सक्तीचं आहे, पण बहुतेक जण तिथे काहीही ठोकून देतात. तिथे प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती असावी. वर्णनात मूळ लॉगचं नाव, चेकसम न जुळल्यामुळे गाळलेल्या ओळींची संख्या, रिसीव्हरने स्वतःच ‘व्ही’, म्हणजे अविश्वसनीय, असा शेरा मारलेल्या ओळींची संख्या, आणि बिंदू विरळ करताना किती मीटरांची सूट घेतली ती. पावसाळी बंदीनंतर ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालू केलेला रिसीव्हर अशा ‘व्ही’च्या ओळी बराच वेळ देत राहू शकतो. काही रिसीव्हर त्यांत मागच्या हंगामातली शेवटची जागा पाठवतात, काही घरं रिकामी ठेवतात. रिकाम्या घराला प्रोग्रामने शून्य मानलं की ट्रॅक मुंबईहून थेट आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जाऊन परत येतो.