धुऱ्यावरच्या सात्या

आमच्या गावी, बपेऱ्यात, भाताची रोवणी आटोपत आली की आजीचं लक्ष धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, लागायचं. रात्रभर पाऊस आणि सकाळी कोंदट ऊन असा दिवस निघाला, की ती पदर खोचून बांधीकडे निघे, मागे मी. मोहाखालच्या वारुळाभोवतीची माती फोडून सात्या, म्हणजे खायच्या अळिंब्या, वर आलेल्या असत. टोकदार, राखट, मिटलेल्या छत्रीसारख्या. आजी त्या उपटत नसे. काडीनं माती उकरत खाली खाली जाई. "मूळ वारुळात जाते का, ते पाह्य पहिले." लांबलचक मुळी निघाली तरच सात्या टोपलीत पडे. शेणखतावरच्या देखण्या छत्रीला ती हात लावू देत नसे. चांदी काळी पडते का बघण्याची परीक्षा तर साफ फसवी. विषारी छत्र्याही तीतून सुटतात. घरी कांदा, मिरची, जवसाचं तेल, एवढ्यावर भाजी व्हायची.

त्या मुळीचं कोडं नागपूरला शिकताना उलगडलं. वाळवी पाचोळा, लाकूड चावून वारुळाच्या पोटात त्याची स्पंजासारखी पोळी रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. बुरशी तो पाचोळा पचनाजोगा करते, वाळवी पोळं नि बुरशी खाते. पावसाळ्यात तीच बुरशी लांब मुळीनं माती भेदून वर येते, ती सात्या. रॉजर हेम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या वंशाला वाळवीवरूनच टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. धिंगरी अळिंबी भाताच्या तणसावर घरात पिकते. सात्यांची तशी शेती होत नाही. त्यांना वाळवीचं जितंजागतं घर लागतं.

हे सगळं कळत असूनही बांधी मोठी करायला धुरा मीच सपाट करवला. आजी तेव्हा नव्हती. यंत्रानं अर्ध्या तासात वारूळ उलथलं. ढेकळांत ती पोळी दिसली, पांढऱ्या बारीक दाण्यांनी भरलेली. मी पुस्तकात वाचलेलं सारं माझ्या पायाशी फुटून पडलं होतं. त्यानंतर आठ पावसाळे गेले, तिथे एकही सात्या उगवली नाही. आता बाजारातून आणतो, मुळी तोडलेल्या. आजीची खूण बघायची सोयच नाही.

नागपंचमीला आपण वारूळ पुजतो. तुमच्या धुऱ्यावर एखादं उरलं असेल, तर यंत्र आणि वाळवीचं औषध तेवढी जागा सोडून फिरवा.