आडनाव कुलकर्णी, कुळ वेगळं

गेल्या हिवाळ्यात आई दुबईला आली होती. देरातल्या एका दुकानात तसबीह, म्हणजे जपमाळा, बघत होतो. इथे अंबरच्या माळांना भारी मान. अंबर म्हणजे झाडाची दगड झालेली राळ. ही बाल्टिक किनाऱ्यावरची, वय साधारण चार कोटी वर्षं. एका लोलकात लांब तंगड्यांचा किडा अडकला होता.

"एवढे पैसे मोजून डास घ्यायचा?" इति आई.

डास नाही हो, क्रेन फ्लाय. पावसाळ्यात आपल्याकडे न्हाणीघराच्या भिंतीवर बसतो ना, त्याचाच भाऊबंद. चावत नाही, पाय मात्र हात लावताच गळतात. पंखांमागे दोन इवल्या गदा असतात, उडताना तोल सांभाळायला. चक्क जायरोस्कोप! इंजिनियर माणूस तिथेच फसतो. घरी येऊन वाचत बसलो.

1931 साली चार्ल्स अलेक्झांडर या अमेरिकन माणसाने बाल्टिक अंबरमधल्या क्रेन फ्लायवर अख्खा ग्रंथ लिहिला. आयुष्यभरात या पठ्ठ्याने 11,000 हून जास्त जातींना नावं दिली! नातं ओळखायची मुख्य खूण पंखांवरच्या शिरांची नक्षी. पण 2010 मध्ये पीटरसन आणि मंडळींनी शरीराच्या खुणा आणि जनुकं एकत्र तपासली, तेव्हा पेडिसिडी ही शाखा सगळ्यांत आधी फुटलेली निघाली आणि लिमोनिडी हे भलंमोठं कुटुंब एक कुळच ठरेना. इतर कुठे न बसलेल्यांची ती मोट होती.

आईला हे सांगायला उदाहरण घरचंच होतं. कुलकर्णी हे वतन, गाव तिथे कुलकर्णी. म्हणून सगळे आपले भाऊबंद थोडेच?

"मग कुलदैवत विचारायचं," आई म्हणाली. इथल्या मंडळात कुणी कुलकर्णी भेटले की ती तेच करते!

अडचण अशी की अंबरमधल्या किड्याला कुलदैवत विचारता येत नाही. 1990 च्या दशकात अशा किड्यांतून डीएनए मिळाल्याचे दावे झाले, पण पुढे कुणालाच ते पुन्हा करून दाखवता आले नाहीत. म्हणजे ज्या शिरांनी एकदा चकवलं, त्याच पुन्हा नीट वाचायच्या. शाखा कधी फुटल्या याचा हिशेब तर या जीवाश्मांच्या वयावरच बसवतात. एका किड्याचं घर चुकलं की लाखो वर्षांचा घोळ.

असो. लोलक घेतला नाही, किंमत ऐकून.

जुलैत आईचा फोन आला. "न्हाणीघरात तुझा तो आलाय. झाडू घेतला होता, ठेवून दिला."