ब्रिक्स्टनच्या शीतगृहातले तिघे

दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात मांस साठवायची थंड खोली होती. तिलाच 'कोल्ड स्टोरेज' म्हणत तिघांनी तिथे आपला स्टुडिओ थाटला. चार्ल्स हेवर्ड ड्रम वाजवी, चार्ल्स बुलन गिटार. तिसऱ्या गॅरेथ विल्यम्सला मात्र एकही वाद्य रीतसर येत नव्हतं. कसलेल्या दोघांनी त्याला बरोबरीने सोबत घेतलं, आणि 1976 मध्ये 'धिस हीट' उभा राहिला. या बँडचं सारं वेगळेपण मला त्या एका निर्णयात दिसतं. शिकलेला हात सवयीच्या जागी जातो. गॅरेथच्या हाताला तशी जागाच ठाऊक नव्हती.

वाद्याइतकाच मान त्यांनी टेपला दिला. 1979 च्या पहिल्या अल्बममधलं '24 ट्रॅक लूप' ऐकावं. ड्रमचा एक छोटासा तुकडा गोल गोल फिरत राहतो. मिक्सरवर कुणी त्याचा सूर चढवतं, उतरवतं, मध्येच एक थर काढून घेतं. ताल तोच, पण पायाखालची जमीन सरकत राहते. पुढे क्लबांमध्ये घुमलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची चाहूल इथे स्पष्ट लागते.

1981 चा 'डिसीट' अणुयुद्धाच्या भीतीतून आला. ती भीती हवेतली नव्हती. बॉम्ब पडलाच तर घरातली दारं काढून, भिंतीला तिरकी टेकवून आडोसा कसा करावा, हे शिकवणारी सरकारी पुस्तिका ब्रिटनमध्ये 1980 साली विकली जात होती! अशा काळात गोड चाली बांधणं त्यांना जमलं नाही, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं.

मग गॅरेथ कथकली शिकायला केरळात निघून आला. बाकीच्या दोघांनी नवे साथीदार घेऊन युरोपचा दौरा केला आणि 1982 मध्ये बँड थांबला. 2001 मध्ये गॅरेथ कर्करोगाने गेला.

2016 मध्ये हेवर्ड आणि बुलन ही गाणी घेऊन पुन्हा मंचावर आले, ते 'धिस इज नॉट धिस हीट' या नावाने. गॅरेथ नसताना जुनं नाव त्यांनी लावलं नाही. कलावंतांमध्ये इतकी निष्ठा क्वचित दिसते.

नव्याने ऐकणार असाल तर 1980 च्या 'हेल्थ अँड एफिशियन्सी'पासून सुरुवात करा. ते उन्हाचं गाणं आहे. आवाज मोठा ठेवा आणि शेवटपर्यंत थांबा.