पकड

आमच्या चिरंजीवांनी हिमालयात जायचं ठरवलं आणि कुणाची तरी उसनी आइस-अ‍ॅक्स घरी आणली. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा; हाताची ऊब शोषणारा, वर ओल्या मोज्यातून सटकणारा. मी सरसावलो. ओल्या स्पंजावर बोट टेकवून वीस वर्षं नोटा मोजल्यात. पकडीतलं आम्हाला कळतं! सायकलची ट्यूब उभी चिरून पट्टी काढली आणि ताणून, कडेवर कड चढवत दांड्याला गुंडाळली. रबर घसरत नाही, गारठाही अडवतं. ट्यूब जुनी नव्हती, हे मात्र सोमवारी बँकेत पायी जाताना उमगलं.

स्टेशनवर गाडी हलली. सौ. म्हणाली, "अहो, खिडकीचा गज सोडा आता!"

गजाला तर रबरही नव्हतं.