अक्षर लागेपर्यंत

मोडीच्या ऑनलाइन वर्गात गळती कधी सुरू होते ते आता मला आधीच सांगता येतं. मुळाक्षरं होतात, बाराखडी होते, आणि मग पहिला खरा कागद पडद्यावर येतो. आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, तिला लगटून अक्षरं, हात शक्यतो न उचलता लिहिलेला सलग मजकूर. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही, आणि 'र' तर शेजारी कोण आहे ते बघून रूप पालटतो. बाराखडी तोंडपाठ असलेला माणूसही इथे थबकतो. घरात एकटा बसलेला असल्यामुळे तो याचा एकच अर्थ काढतो, की हे आपल्याला जमणारं नाही. पुढच्या वर्गाला तो येत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीतून मी हा वर्ग चालवतो. 2020च्या टाळेबंदीआधी मंडळी समोर सतरंजीवर बसायची, बोरू दौतीत बुडवून गिरवायची. शेजारच्याचाही त्याच शब्दावर बोरू अडलाय हे प्रत्येकाला दिसायचं, आणि निम्मा धीर त्यातूनच यायचा. पडद्यावर तो शेजारी नाहीसा झाला. त्याच्या बदल्यात इंदूर, बडोदा, तंजावरपर्यंतची माणसं एका वर्गात आली हे खरं, पण शेजार मात्र मुद्दाम घडवावा लागतो.

प्रोत्साहन म्हणून गृहपाठाच्या फोटोखाली 'छान' लिहून अंगठा दाखवण्याची पद्धत मला पटत नाही. प्रौढ माणसाला असं कौतुक पोकळ आहे हे लगेच कळतं. 'तिसऱ्या ओळीत हात दोनदा उचललाय, तो शब्द एका दमात काढून बघा,' असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा लिहून येते. आपलं अक्षर कुणीतरी बारकाईनं पाहिलं, एवढं कळलं तरी माणूस टिकतो. यात माझी संध्याकाळ जाते आणि म्हणूनच मी तुकडी लहान ठेवतो. शंभर जणांचा वर्ग भरवून त्यांना उत्साही ठेवण्याची युक्ती माझ्याकडे नाही, आणि ती कुणाकडे असेल असं मला वाटतही नाही.

दुसरी गोष्ट चुकीच्या वाचनाची. जाणते वाचकसुद्धा मोडी अंदाजानेच वाचतात, पण नवशिक्याला हे माहीत नसतं. म्हणून वर्गात आधी विद्यार्थ्यांनी वाचायचं, मी नंतर. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो का केला ते सांगायचं. इथे जुन्या कागदांची कालगणना फार उपयोगी पडते. 'आर्बा मयातैन व अलफ' म्हणजे चार, दोनशे आणि हजार, म्हणून शुहूर सन 1204. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यात महिना बघून 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1803-04 निघतो. मजकूर अजून लागत नसलेला माणूसही कागदाचं वर्ष ठरवतो. निवृत्त तलाठी असलेले एक काका वर्गात कधी बोलायचे नाहीत. हा हिशेब त्यांनी सर्वांआधी सोडवला आणि त्या दिवसापासून ते इतरांना हटकून विचारू लागले, ''तुमचं साल काय निघालं?''

कॅमेरा लावण्याची सक्ती मी करत नाही. दोन खोल्यांच्या घरात, ओट्याशी उभं राहून वर्ग ऐकणाऱ्या ताईंना चेहरा दाखवायला लावण्यात शिस्त कसली? त्यांचा आवाज आला, गृहपाठ आला, मला पुरे.

2023च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडीकडे एकदम गर्दी वळली. पुष्कळांना लिपी शिकायची नव्हती, पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय तेवढं हवं होतं. ही गरज मी हलकी मानत नाही. उलट तेव्हापासून मी प्रत्येकाला घरचा कागद शोधायला सांगतो: खरेदीखत, गहाणखत, देवघराच्या फडताळातली वही. आपल्याच आडनावाचं पहिलं अक्षर लागलं की पुढच्या चार ओळींसाठी मास्तर लागत नाही.

आमच्या गावाला शिकणाऱ्याची सोबत नवी नाही. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहं इथे उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेचं दार उघडून देणं पुरत नाही, संध्याकाळी त्याच्यासारखी चार मुलं आसपास लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. मी त्याच हिशेबानं जोड्या लावतो, एक गावातला आणि एक दूरचा. वर्गाआधी त्यांनी फोनवर एक पान एकमेकांना वाचून दाखवायचं. एक जण गळाठला तर मला कळायच्या आधी दुसऱ्याला कळतं.

जुन्या तुकडीतल्या सांगलीच्या एक गृहिणी आता नव्यांचा गृहपाठ तपासतात. त्यांचे शेरे माझ्यापेक्षा नेमके असतात, कारण स्वतःला कुठे अडलं होतं ते त्यांना अजून ताजं आठवतं. पुढच्या तुकडीत पहिला खरा कागद त्याच उघडणार आहेत, आणि बाराखडी पुरी व्हायची वाट न बघता दुसऱ्याच आठवड्यात उघडायचा असं आमचं ठरलं आहे.